विंडोज ११ वर गेल्यावर हरवलेल्या सोयी: कुठे सापडतात, कुठे नाही

गवाक्ष

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. त्यामुळे मनात नसतानाही बरेच जण ११ वर आले आहेत. तक्रारी जवळपास सारख्याच असतात, पण त्यांची उत्तरं तीन वेगळ्या प्रकारची आहेत आणि हे न ओळखल्यामुळे फार वेळ वाया जातो. काही गोष्टी फक्त दुसऱ्या जागी गेल्या आहेत. काही खरोखर काढून टाकल्या आहेत, त्या सेटिंग्जमध्ये कितीही शोधल्या तरी मिळणार नाहीत. आणि काही गोष्टी दिसायला तशाच आहेत, पण त्यांचं मूळ वागणं बदललंय. नुकसान होतं ते या तिसऱ्या प्रकारात. म्हणून प्रश्न विचारताना विंडोजची आवृत्ती (२३एच२, २४एच२, २५एच२) आणि होम की प्रो हे जरूर लिहा. 'विन + आर' दाबून 'विनव्हर' (winver) टाइप केलं की आवृत्ती कळते.

सुरुवात टास्कबारपासून करतो. ११ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. जुन्या टास्कबारमधल्या ज्या सोयी नव्यात पुन्हा बांधल्या नाहीत, त्या ५ ऑक्टोबर २०२१ च्या पहिल्या आवृत्तीत नव्हत्याच. नंतर त्या एकेक करून परत येत गेल्या, त्यामुळे २०२१-२२ मधले लेख वाचून 'हे होतच नाही' असं ठरवू नका.

फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर नेणं २२एच२ मध्ये परत आलं. प्रत्येक खिडकीचं वेगळं, नावासकट बटण २३एच२ मध्ये परत आलं. त्यासाठी सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > टास्कबार > टास्कबार बिहेवियर्स > 'कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' इथे 'नेव्हर' निवडा. त्याच यादीत वर 'टास्कबार अलाइनमेंट' आहे, तिथे 'लेफ्ट' केलं की स्टार्ट डाव्या कोपऱ्यात जातं. घड्याळात सेकंद दाखवण्याची खूणही तिथेच खाली मिळते.

एक नवी सोय मात्र खरंच कामाची आहे. सेटिंग्ज > सिस्टिम > 'फॉर डेव्हलपर्स' (ताज्या आवृत्त्यांत 'ॲडव्हान्स्ड') इथे 'एंड टास्क' सुरू करा. मग अडकलेला प्रोग्रॅम टास्कबारवरच राइट क्लिक करून बंद करता येतो, टास्क मॅनेजर उघडावा लागत नाही.

किल्लीफलक

राइट क्लिकचा मेनू राहिला. 'शो मोअर ऑप्शन्स' वर दर वेळी जादा क्लिक करावं लागणं हा दिवसभर फाइली हाताळणाऱ्यांचा सगळ्यात मोठा ताप आहे, आणि तो रास्त आहे.

कारण असं आहे. जुन्या मेनूत प्रत्येक प्रोग्रॅम आपला तुकडा घुसवायचा आणि तो तुकडा एक्सप्लोररच्याच (फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) प्रक्रियेत चालायचा. एकजण मंदावला की अख्खा मेनू अडकायचा, एकजण कोसळला की एक्सप्लोरर कोसळायचा. नव्या मेनूत फक्त नव्या पद्धतीने नोंदणी केलेले प्रोग्रॅम दिसतात. ७-झिप (फाइली दाबून लहान करणारा प्रोग्रॅम) यासारखे जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम म्हणूनच मागच्या मेनूत राहिले. त्याच ७-झिपवर बेतलेलं नॅनाझिप नव्या पद्धतीने नोंदणी करतं, त्यामुळे ते पहिल्याच मेनूत येतं.

जुना मेनू थेट हवा असेल तर शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, किंवा फाइल निवडून शिफ्ट + एफ१० दाबा. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) एक रिकामी नोंद घालून जुना मेनू कायमचा आणता येतो. पण प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ती नोंद टिकली आहे का ते तपासावं लागतं. माझ्या मते हाताला शिफ्टची सवय लावणं जास्त टिकाऊ आहे. नाव बदलायला एफ२, प्रॉपर्टीजला आल्ट + एंटर, फाइलचा पूर्ण पत्ता कॉपी करायला कंट्रोल + शिफ्ट + सी. या तीन किल्ल्या आल्या की मेनूशी फारसं काम उरत नाही.

एक्सप्लोररमध्ये ओळींच्या मधलं अंतर वाढलंय, कारण मांडणी बोटाने स्पर्श करणाऱ्यांचा विचार करून केली आहे. व्ह्यू > 'कॉम्पॅक्ट व्ह्यू' केलं की जुनं अंतर परत येतं. फाइलच्या नावातलं शेपूट (एक्स्टेन्शन) व्ह्यू > शो मध्ये मिळेल. आणि उघडताना 'होम' ऐवजी 'धिस पीसी' हवं असेल तर वरच्या तीन टिंबांतून ऑप्शन्स > 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' मध्ये ते निवडा.

तळटीप

स्टार्ट मेनूतला 'रेकमेंडेड' भाग बंद केला. पण त्यानंतर टास्कबारवरच्या वर्डच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की अलीकडच्या फाइली दिसत नाहीत, आणि एक्सप्लोररच्या होममधूनही अलीकडची यादी गेली. या दोन्हींचा काही संबंध आहे का? २४एच२, होम.

गवाक्ष

@तळटीप, आहे. ते बटण एकच, पण तीन ठिकाणी लागू होतं. सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > स्टार्ट मधला 'शो रेकमेंडेड फाइल्स इन स्टार्ट, रीसेंट फाइल्स इन फाइल एक्सप्लोरर, अँड आयटेम्स इन जंप लिस्ट्स' हा पर्याय पूर्ण वाचला की लक्षात येतं. स्टार्टमधल्या फाइली नकोत पण जंप लिस्ट (टास्कबारवरच्या चिन्हाची ती अलीकडच्या फाइलींची यादी) हवी, अशी फोड त्यात नाही. जंप लिस्ट महत्त्वाची असेल तर तो पर्याय सुरू ठेवा आणि स्टार्टच्या लेआउटमध्ये 'मोअर पिन्स' निवडा, म्हणजे खालचा भाग आक्रसतो. २०२५ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्टार्ट मेनूत सगळं एकाच सरकत्या पानावर आहे. त्यात 'ऑल' ची यादी खालीच दिसते.

पॉवर बटणाशेजारी सेटिंग्ज, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स यांची छोटी चिन्हं हवी असतील तर त्याच पानावर 'फोल्डर्स' मध्ये सुरू करा. १० च्या स्टार्टमधल्या टाइल्स (चौकोनी फरश्या) मात्र गेल्या त्या गेल्या.

संगणकसखी

तिसऱ्या प्रकाराबद्दल लिहिते, कारण मदत मागणाऱ्यांत घाबरलेले लोक तिथेच जास्त असतात. 'अपग्रेडनंतर डेस्कटॉपवरच्या फाइली गायब' या तक्रारीमागे बहुतेक वेळा वनड्राइव्हचं (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचं) बॅकअप असतं.

घडतं ते असं. खात्याने साइन इन करताना किंवा 'तुमचा संगणक पूर्ण तयार करा' अशा पडद्यावर पुढे-पुढे दाबताना फोल्डर बॅकअप सुरू होतं. त्यानंतर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर तुमच्या यूजर फोल्डरमधल्या वनड्राइव्ह फोल्डरच्या आत सरकतात. म्हणजे नुसती प्रत बनत नाही, मूळ जागाच बदलते. ज्या हिशेबाच्या किंवा डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये डॉक्युमेंट्सचा जुना पत्ता पक्का लिहिलेला असतो, त्याला मग फाइल सापडत नाही. मोफत जागा ५ जीबी असते. ती भरली की समक्रमण (दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणं) थांबतं, आणि काही फाइली वर, काही खाली अशी अवस्था होते.

यातून बाहेर पडताना क्रम फार महत्त्वाचा. आधी फाइलींशेजारची चिन्हं पाहा. निळा ढग म्हणजे फाइल फक्त इंटरनेटवर आहे, तुमच्या डिस्कवर नाही. हिरव्या कडेच्या वर्तुळातली टिक म्हणजे आत्ता डिस्कवर आहे, पण जागा मोकळी करताना ती जाऊ शकते. भरीव हिरवं वर्तुळ म्हणजे कायम डिस्कवर.

मग वनड्राइव्हच्या पूर्ण फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळीकडे भरीव हिरवं वर्तुळ येईपर्यंत थांबा. फाइली जास्त असतील तर रात्रभर लागू शकतं, घाई करू नका. त्यानंतर टास्कबारवरच्या ढगावर क्लिक, दातेरी चाक, सेटिंग्ज > सिंक अँड बॅकअप > मॅनेज बॅकअप, आणि तिथे एकेक फोल्डर बंद करा. बंद करताना फाइली फक्त संगणकावर ठेवायच्या का असं विचारलं तर तो पर्याय घ्या. विचारलं नाही तर डेस्कटॉप रिकामा दिसेल. फाइली वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये सुरक्षित असतात, तिथून कट करून मूळ फोल्डरमध्ये आणा. 'अनलिंक धिस पीसी' हे सगळ्यात शेवटी.

रागाच्या भरात आधीच अनलिंक करणं किंवा वनड्राइव्ह फोल्डर डिलीट करणं, या दोन्ही गोष्टी टाळा. समक्रमण सुरू असताना इथलं डिलीट म्हणजे तिथलंही डिलीट. तसं झालंच असेल तर वनड्राइव्हच्या संकेतस्थळावर वेगळा रीसायकल बिन आहे. वैयक्तिक खात्यात तिथे फाइली ३० दिवस राहतात.

'तुमचा संगणक पूर्ण तयार करा' हा पडदा पुन्हा येऊ नये म्हणून सेटिंग्ज > सिस्टिम > नोटिफिकेशन्सच्या अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' उघडा आणि तिथल्या खुणा काढा.

लोहचुंबक

+१. आउटलुकच्या (ईमेल साठवणाऱ्या) पीएसटी फाइली डॉक्युमेंट्समध्ये असतील तर हे अपग्रेडच्या आधीच बघा. सतत उघडी आणि सतत बदलणारी मोठी फाइल समक्रमणात ठेवणं म्हणजे ती बिघडण्याला आमंत्रण. ती वनड्राइव्हच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये हलवा आणि आउटलुकच्या अकाउंट सेटिंग्ज > डेटा फाइल्स मध्ये नवा पत्ता द्या. हलवताना आउटलुक बंद हवं.

आणि जुनं 'मेल' ॲप शोधत बसू नका, त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. वर्डपॅडही २४एच२ पासून नाही. ज्यांच्या जुन्या आरटीएफ फाइली आहेत त्यांनी लिब्रेऑफिस टाकून घ्यावं.

उंबरठा

२४एच२ प्रो. नेटवर्कवरच्या एनएएसचं (फाइली साठवणाऱ्या यंत्राचं) शेअर, म्हणजे सामायिक फोल्डर, १० मध्ये पासवर्डशिवाय उघडत होतं, आता 'सुरक्षा धोरणामुळे अनोळखी पाहुण्याला प्रवेश नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. शिवाय बहुउद्देशीय प्रिंटर स्कॅन करून संगणकावरच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायचा, तेही थांबलं. फायरवॉल बंद करून पाहिला, फरक नाही.

जोडकाम

@उंबरठा, फायरवॉल आधी परत सुरू करा, त्याचा दोष नाही. दोन्ही अडचणी एकाच बदलातून आल्या आहेत. २४एच२ पासून प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशनमध्ये फाइल शेअरिंगच्या प्रत्येक संदेशावर डिजिटल सही सक्तीची झाली, आणि पाहुणा म्हणून शिरण्याची मुभा काढली. सहीची किल्ली तयार होते ती पासवर्डच्या ओळख-तपासणीतून. पाहुण्याला पासवर्डच नसतो, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही, म्हणून प्रवेश नाही. मधल्या कोणी संदेश बदलू नये यासाठी ही सक्ती आहे आणि ती योग्य आहे, पण सांगून केली असती तर लोकांचे दिवस वाचले असते.

एनएएससाठी: त्याच्या व्यवस्थापन पानावर एक यूजर आणि पासवर्ड तयार करा, शेअरवर त्याला परवानगी द्या. तिथेच एसएमबी (फाइल शेअरिंगची पद्धत) २ किंवा ३ सुरू आहे ना ते पाहा. एसएमबी १ वरच चालणारं यंत्र असेल तर ते बदलण्याची वेळ झाली आहे. मग विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल > क्रेडेन्शियल मॅनेजर > विंडोज क्रेडेन्शियल्स > 'ॲड अ विंडोज क्रेडेन्शियल'. इथे बहुतेक जण एका बारीक गोष्टीवर अडकतात. ड्राइव्ह आयपी पत्त्याने जोडला असेल तर नोंदही आयपी पत्त्याने करा, नावाने जोडला असेल तर नावाने. विंडोज या दोन्हींना वेगळे संगणक समजतं. यूजरनावाआधी एनएएसचं नाव आणि उलटी तिरपी रेघ लावली तर अजून खात्रीचं. शेवटी जुना जोडलेला ड्राइव्ह तोडून, साइन आउट करून पुन्हा जोडा.

स्कॅनरसाठी दिशा उलटी आहे, तिथे तुमचा संगणक सर्व्हर असतो आणि स्कॅनरला सही करता येत नाही. आधी यंत्राचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून बघा. ते जमलं नाही तर एफटीपी किंवा ईमेलने स्कॅन पाठवण्याची सोय वापरा. अगदीच उपाय नसेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसी > लोकल पॉलिसीज > सिक्युरिटी ऑप्शन्स मध्ये 'मायक्रोसॉफ्ट नेटवर्क सर्व्हर: डिजिटली साइन कम्युनिकेशन्स (ऑलवेज)' हे 'डिसेबल्ड' करा. लक्षात घ्या, फक्त सर्व्हरची ओळ. त्याच यादीतली 'नेटवर्क क्लायंट' ची ओळ एनएएससाठी आहे, तिला हात लावू नका.

उंबरठा

एनएएस सुटलं, नोंद नावाने होती आणि ड्राइव्ह आयपीने. स्कॅनरला ईमेलचा मार्ग घेतो.

मोकळीजागा

इतकं सगळं एकेक करण्यापेक्षा एक्सप्लोररपॅचर किंवा स्टार्टऑलबॅक टाकलं की टास्कबार, मेनू, स्टार्ट सगळं १० सारखं होतं. लोक ते का टाळतात?

किल्लीफलक

@मोकळीजागा, टाळण्याचं कारण त्यांच्या रचनेत आहे. ही साधनं एक्सप्लोररच्या चालत्या प्रक्रियेत शिरून तिच्या आतल्या गोष्टी बदलतात. मासिक अपडेटने आतली रचना हलली की साधन चुकीच्या जागी हात घालतं, आणि साइन इन केल्यावर टास्कबारच येत नाही किंवा एक्सप्लोरर सतत बंद-चालू होत राहतो. साधनं लिहिणारे मेहनती आहेत, दुरुस्त आवृत्ती लवकर देतात. तरी मधले दिवस तुमचे जातात. कामाच्या संगणकावर मी ती टाकायला सांगणार नाही.

वापरत असाल तर वार्षिक मोठ्या अपडेटच्या आधी अनइन्स्टॉल करा आणि नंतर नवी आवृत्ती टाका. अडकलातच तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर उघडतो, त्याला टास्कबार लागत नाही. 'रन न्यू टास्क' मध्ये 'कंट्रोल' (control) टाइप करा, प्रोग्रॅम्समधून साधन काढा, संगणक पुन्हा सुरू करा. ओपन-शेल मुख्यतः स्टार्ट मेनूपुरतं आहे, त्यामुळे त्यात धोका बराच कमी.

तळटीप

छोटे प्रश्न एकत्र विचारते: प्रिंट स्क्रीन दाबलं की थेट कॉपी न होता स्निपिंग टूल उघडतं. डीफॉल्ट प्रिंटर आपोआप बदलतो. डाउनलोड केलेल्या पीडीएफचं एक्सप्लोररमध्ये पूर्वदर्शन दिसत नाही. आणि भाषांच्या यादीत न मागितलेला एक कीबोर्ड आलाय, तो जात नाही.

गवाक्ष

प्रिंट स्क्रीन: सेटिंग्ज > ॲक्सेसिबिलिटी > कीबोर्ड, तिथे 'यूज द प्रिंट स्क्रीन की टू ओपन स्क्रीन कॅप्चर' बंद करा.

प्रिंटर: ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस > प्रिंटर्स अँड स्कॅनर्स मध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर' बंद करा. ते सुरू असलं की त्या जागी शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट होतो, 'प्रिंट टू पीडीएफ' सुद्धा.

पूर्वदर्शन: हा ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटचा परिणाम आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचं पूर्वदर्शन त्यात मुद्दाम बंद केलं, कारण नुसत्या पूर्वदर्शनातून पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) बाहेर जाऊ शकत होता. खात्रीच्या फाइलीवर राइट क्लिक > प्रॉपर्टीज > 'अनब्लॉक' वर खूण करा. लगेच फरक पडला नाही तर साइन आउट करून पुन्हा या. सगळ्या फाइली सरसकट अनब्लॉक करणारी स्क्रिप्ट वापरू नका.

जोडकाम

कीबोर्डचं: टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रीजन, भाषेपुढची तीन टिंबं > लँग्वेज ऑप्शन्स > कीबोर्ड्स. नको असलेला तिथे दिसत असेल तर काढा. दिसतच नसेल पण विन + स्पेसच्या यादीत येत असेल, तर तोच कीबोर्ड आधी हाताने जोडा आणि मग काढा. उलटं वाटतं, पण अर्धवट राहिलेली नोंद त्याने साफ होते. देवनागरी आणि रोमन दोन्हींत टाइप करणाऱ्यांनी टायपिंग > ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज मधलं 'लेट मी यूज अ डिफरंट इनपुट मेथड फॉर ईच ॲप विंडो' नक्की सुरू करावं. मग ब्राउझरमध्ये रोमन आणि लेखनाच्या खिडकीत मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक आपोआप टिकून राहतं.

उंबरठा

नाहीच जमलं तर १० वर परत जाता येतं का? आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारा) झाल्याचं काहींना कळतही नाही असं वाचलं, ते काय आहे?

संगणकसखी

परत जाण्याची मुदत अपग्रेडपासून १० दिवस. सेटिंग्ज > सिस्टिम > रिकव्हरी > 'गो बॅक'. तुमच्या फाइली राहतात, पण अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. यासाठी सी ड्राइव्हवरचा 'विंडोज.ओल्ड' फोल्डर शाबूत हवा. डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' वर खूण केली की परतीचा रस्ता बंद. १० दिवस कमी पडतील असं वाटलं तर ती मुदत संपायच्या आत, प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमधून 'डिस्म' या विंडोजच्या साधनाच्या 'सेट-ओएस-अनइन्स्टॉल-विंडो' पर्यायाने ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. मुदत उलटल्यावर ही आज्ञा देऊन काही उपयोग नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी १० च्या वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि १० वर नुसतं परत गेल्याने ती आपोआप मिळत नाही, तिथे स्वतः नोंदणी करावी लागते.

एन्क्रिप्शनचं: १० वरून थेट अपग्रेड केलं तर ते आपोआप सुरू होत नाही. २४एच२ कोरं टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की मात्र बहुतेक संगणकांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू होतं. सेटिंग्ज > प्रायव्हसी अँड सिक्युरिटी > डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे स्थिती दिसते (प्रोमध्ये बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्याच सोयीचं पानही बघा). सुरू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आत्ताच मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर, तुमच्या उपकरणांच्या पानावर जाऊन पाहा आणि कागदावर उतरवून संगणकापासून लांब ठेवा. की ची ओळख सांगणारी पहिली ८ अक्षरंही सोबत लिहा, कारण एकाच खात्यात दोन-तीन संगणकांच्या कीज असल्या की कोणती कशाची ते त्यावरूनच कळतं. बायोस (संगणक सुरू होताना आधी चालणारं सॉफ्टवेअर) अद्ययावत करण्याआधी, प्रोमध्ये कंट्रोल पॅनेलच्या बिटलॉकर पानावरून 'सस्पेंड प्रोटेक्शन' करा. ते केलं नाही तर पुढच्या सुरुवातीलाच निळा पडदा ती ४८ अंकी की मागू शकतो.

उंबरठा

एन्क्रिप्शन सुरू आहे. की खात्यात सापडली, ८ अक्षरंही जुळली. उतरवून ठेवतो.